शेवटी येणाऱ्याची किल्ली

तीर्थस्वरूप ताईस,

मठाच्या दाराशेजारच्या दगडी बाकावरून धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजून घे. वर आल्यापासून मी कमरेत वाकणं सोडून दिलं आहे. वाकलो असतो तर हे पत्र पुढे कोणी लिहिलं असतं, हा प्रश्नच आहे.)

तुझी प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? झोप लागते की अजून रेडिओलाच सोबतीला घेऊन बसतेस? स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर मी निघायच्या आदल्या दिवशी बदलला होता. तो नीट बसला असेल तर माझी आठवण काढ, गळत असेल तर मुळीच काढू नकोस. दूधवाल्याला दार अजून साखळी लावूनच उघडतेस ना? त्या फटीतून पातेलं आडवं जात नाही म्हणून त्याने तुझ्याकडे पिशवीचं दूध सुरू केलं, हे मला त्यानेच सांगितलं. भाजीवाली दारात, औषधवाला दारात, आणि आम्ही भाऊ-भावजय आलो तरी आधी दारातच, साखळी निघेपर्यंत. भाऊजी गेले त्याला दुसरं वर्ष सरत आलं आणि एवढ्या काळात तू उंबरा ओलांडलास तो एकदाच, आमच्याबरोबर बसस्टँडपर्यंत, आणि तोही तिथून परत फिरायला. हे मी टोचून बोलत नाहीये. म्हणजे बोलतोय, पण एवढ्या दमलेल्या माणसाचं टोचणं फार लागत नाही.

बसस्टँडवरचा प्रकार मी उकरून काढणार नव्हतो, पण बाकावर बसून करायला दुसरं काही नाही म्हणून काढतो. तीन तिकिटं होती. आपण तिघं बसलो होतो. तू खिडकीशी. तुझी बॅग मी स्वतः वरच्या फळीवर चढवली होती. मग तुला पाण्याची बाटली आठवली. तू खाली उतरलीस, बाटली घेतलीस, खिडकीतून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, तुम्ही जा रे, मला नाही जमायचं. मी काही बोलेपर्यंत ड्रायव्हरने गाडी काढली. त्याला काय ठाऊक, की तुला घराबाहेर काढायला आम्हाला किती महिने लागले होते आणि किती वेळा खोटं बोलावं लागलं होतं. मागे वळून पाहिलं तर तू रुमाल हलवत होतीस, अगदी आनंदात, सुटका झाल्यासारखी. बाटली मी पुढच्या थांब्यापर्यंत हातातच धरून बसलो होतो. बॅगेची आठवण त्यानंतर आली.

तर त्या बॅगेविषयी. ताई, तू त्यात काय भरलं होतंस? विटा? डोंगराच्या पायथ्याला बसने सोडलं आणि मठाकडे पाहिलं तेव्हाच माझे डोळे पांढरे झाले. भाऊजींनी आयुष्यभर सांगितलेली वाट तुला पाठ आहे, मलाही आहे. लग्नाआधी ते इथे येऊन राहिले होते आणि त्यानंतर घरात कोणीही दमलंभागलं की त्यांचं सुरू व्हायचं, की एकदा त्या मठात जाऊन या. पायथ्याशी उतरायचं, उजव्या हाताला वळायचं, गप्पा मारत मारत वर. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यावं इतकी सोपी वाट. मी उजव्या हाताला वळलो. ताई, भाऊजी माझ्याहून मोठे होते, शिवाय आता नाहीत, त्यामुळे तोंड आवरतो. पण त्यांचा वाणी नक्की कुठल्या कड्यावर दुकान मांडून बसला होता, हे मला त्यांना एकदा विचारायचं आहे. वाट कसली, नुसती दगडांची उतरंड. एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातात तुझी बॅग, आणि गळ्यात माझ्या हत्यारांची पिशवी. (हत्यारं कशाला घेतलीस म्हणून तू ओरडशील. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पान्याशिवाय घराबाहेर पडला तर त्याला उघड्याने बाहेर पडल्यासारखं वाटतं.) मी आयुष्यभर लोकांना जिने चढण्यापासून वाचवलं, त्याची सगळी थकबाकी त्या एका सकाळी माझ्या पायांकडून वसूल झाली.

तुझी भावजय पुढे होती हे सांगायला नकोच. जिने उभी नोकरी शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकत पोरींना फेऱ्या मारायला लावण्यात घालवली, तिला डोंगर म्हणजे काय? ती मधूनमधून थांबायची, कमरेवर हात ठेवायची आणि मी दिसलो की पुन्हा चालायला लागायची. म्हणजे विश्रांती फक्त तिला. अशा तऱ्हेने ती मठाच्या दारातून आत गेली आणि मी तिच्यामागून, जीव मेटाकुटीला आलेला, अंगणाच्या रुंदीएवढा मागे राहून आत पोचलो. ताई, एवढंच अंतर. ती माझ्या मागे राहिली असती तर आज हे पत्र तिने लिहिलं असतं आणि मी आत शेकोटीपाशी बसून सूप पीत असतो.

कारण इथे एक रिवाज आहे. शेवटी आलेला पाहुणा दार सांभाळतो. आत शिरल्याबरोबर त्याच्या कमरेला किल्ली बांधतात (किल्ली कसली, माझ्या मोठ्या पान्याएवढी आहे, आणि बसलं की नेमकी हाडाला लागते) आणि पुढचा पाहुणा येईपर्यंत तो दारापासून हलत नाही. येईल त्याला दार उघडायचं, पाणी द्यायचं, बाकावर बसवायचं, त्याचे जोडे काढायला मदत करायची, आणि मग आपली किल्ली सोडून त्याच्या कमरेला बांधायची. तोपर्यंत सुटका नाही. मी मठाच्या प्रमुखांना, म्हणजे मोठ्या बाबांना विचारलं, की एवढे धडधाकट मठवासी आत असताना दमून आलेल्या माणसालाच का जुंपता? (मोठे बाबा हे नाव मी ठेवलं आहे. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही.) ते म्हणाले, जो आत्ताच चढून आला आहे त्यालाच ठाऊक असतं की दाराशी उभ्या असलेल्याला पहिलं काय हवं. आम्ही इथे राहून विसरलो. उत्तर ऐकायला फार छान आहे. कमरेला किल्ली नसलेल्या माणसाला तर फारच छान वाटेल.

भाऊजी म्हणायचे आठवतंय? तिथून परत यावंसंच वाटत नाही. मला आता उलगडा झाला. वाटत नाही कसलं, येऊ देत नाहीत. आठ दिवसांसाठी गेलेला माणूस दीड महिना राहिला आणि त्यावर आयुष्यभर मनःशांतीची व्याख्यानं देत बसला, त्याचं खरं कारण कमरेची किल्ली असणार. त्यांनी हे आपल्यापासून लपवलं. मी मोठ्या बाबांना भाऊजींचं वर्णन करून विचारलं, उंच, बोलका, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, असा कोणी आठवतो का? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, नाही, दाराशी सगळे सारखेच दिसतात. मला उगीच वाईट वाटलं. मग मनात आलं, बरंच झालं, नाहीतर त्यांनाही वाणी आणि वाट ऐकून पाठ झाली असती.

हा ओस पडलेला महिना आहे. गर्दीच्या दिवसांत म्हणे किल्ली दिवसात दहा कमरा फिरते. मी बसल्यापासून ती माझ्या कमरेलाच आहे. सकाळी उठलो की बाकावर, जेवण बाकावर, दुपारची डुलकी बाकावर. दुपारच्या जेवणापर्यंत मठात मौन असतं, म्हणजे तक्रारसुद्धा करता येत नाही. दाराच्या फळीला एक झरोका आहे, त्यातून समोरची वाट दिसते. त्या वाटेचा प्रत्येक दगड मला पाठ झाला आहे. लांबून काही हललं की मी उठून उभा राहतो, अंगरखा झटकतो, किल्लीची गाठ सैल करून ठेवतो, आणि मग ती गाय निघते.

आता हे दार. त्याची हकिगत लिहायची नव्हती, पण भावजय तुला सांगणारच, तेव्हा मीच सांगतो. मी आलो तेव्हा ते दार उघडताना इतकं कुरकुरायचं, की दाताला कळ लागावी. बिजागऱ्या हाताच्या पंजाएवढ्या, त्यात वर्षानुवर्षांचा गंज. ज्या माणसाने आयुष्यभर लिफ्टच्या दारांचा आवाज घालवला, त्याला असल्या दाराशेजारी बसवायचं आणि वर त्याच्याजवळ हत्यारांची पिशवी असू द्यायची, ही चूक माझी एकट्याची कशी? दुसऱ्याच सकाळी, मौनाच्या वेळेत, कोणाला न विचारता (विचारणार कसं?) मी बिजागऱ्या घासल्या, पुसल्या, तेल सोडलं, खिळा अर्ध्या सुताने सरकवला. दार बोटाने ढकललं तरी उघडायला लागलं, सुतराम आवाज नाही. मी खूश. मौन सुटलं की कोणीतरी पाठ थोपटेल म्हणून वाट बघत बसलो आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.

जाग आली ती अंगणात पळापळ जाणवली म्हणून. दार उघडून एक बकरी आत आली होती. साधीसुधी नव्हे, चांगली शिंगं असलेली, पोक्त. ती सरळ प्रार्थनेच्या दालनात गेली, तिथून बाहेर, तिथून भाजीच्या वाफ्यात. आणि तिच्यामागे सगळे मठवासी. मौन असल्यामुळे कोणी ओरडत नव्हतं, हाकलत नव्हतं, शिवी तर दूरच. पंधरावीस माणसं झगे सावरत, हातवारे करत, मुकाट्याने बकरीच्या मागे धावताहेत आणि आवाज काढणारी तेवढी बकरीच, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. शेवटी तुझ्या भावजयीने तिला कोपऱ्यात गाठून शिंगाला धरलं. (ती म्हणते, नववीच्या मुलींपेक्षा सोपी होती.) मौन सुटल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. मला वाटलं आता रागावतील. रागावले नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं. स्वयंपाकी बाबांनी समजावून सांगितलं, की दाराची ती कुरकुर आतपर्यंत ऐकू जायची. ती ऐकली की ते सुपात एक ओगराळं पाणी वाढवायचे, भावजय झोपते त्या बायकांच्या खोलीत एक खाट झटकली जायची, कोणीतरी शेकोटीत लाकूड सारायचं. म्हणजे आलेला माणूस दारातून अंगण ओलांडून आत पोचेपर्यंत त्याचं सगळं तयार. कोणाला काही सांगावं लागायचं नाही. मी एका सकाळीत मठ बहिरा करून ठेवला होता. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, की शेवटी आलेली बकरी आहे, तर किल्ली तिच्या गळ्यात बांधता येईल का? मोठ्या बाबांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, ती जोडे काढायला मदत करू शकणार नाही.

तेव्हापासून मी दारात आवाज परत आणायच्या मागे लागलो आहे. ताई, घालवणं सोपं असतं, आणणं महाकठीण. बिजागरीत वाळू घातली, दार नुसतं खरखरलं. पाणी शिंपडून गंज चढायची वाट पाहिली, पण माझं तेल चांगल्या प्रतीचं आहे, ते सोडायला तयार नाही. खिळा मागे सरकवला तर दार उघडेचना, आणि मोठे बाबा सकाळच्या फेरीला बाहेर गेले होते ते बाहेरच राहिले. मी हात टेकले आहेत. आता दिवसभर दाराशी बसून ते उघडतो, मिटतो, कान लावतो. आत जाणारे-येणारे माझ्याकडे दयेने बघतात.

वर्कशॉपमध्ये मी नवा होतो तेव्हाचे आमचे उस्ताद आठवतात. एका कचेरीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक टायपिस्ट बाई. मी घाईघाईने दार उचकटायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर पाना मारला. (हलकाच, पण खूण आहे.) म्हणाले, आतल्याला ओढायचं नाही, घाबरलेलं माणूस ओढलं की आणखी आत सरकतं. तू यंत्र बघ, आणि बघता बघता तिच्याशी बोलत राहा. काहीही बोल, मूर्खासारखं बोललास तरी चालेल, फक्त थांबू नकोस. बोलणं थांबलं की आतल्याला वाटतं बाहेरचे सगळे घरी गेले. मी त्या बाईंशी शाईचे डाग कसे काढावेत यावर अर्धा तास बोललो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तिला कळत होतं, त्यामुळे थोड्या वेळाने तीच बोलू लागली आणि मी नुसता हुंकार भरत होतो. दार उघडलं तरी बाई बाहेर येईना, लिंबाचं राहिलंय म्हणाली, ते संपवूनच आली. आज एवढ्या वर्षांनी हे कशावरून आठवलं कोण जाणे. पत्र लांबतंय तेवढं खरं.

बॅगेकडे परत येतो. ती मी उघडली नाही, तुझ्या भावजयीने उघडली, आणि तीही थंडी फार होती म्हणून. इथली थंडी हाडात शिरते आणि दाराच्या फटीतून येणारी तर नेमकी माझ्याच हाडात. वर तुझे कपडे होते, तुझी औषधं होती (ती तू तिथे दुसरी घेतलीस ना? नक्की घेतलीस ना?), आणि खाली भाऊजींचा तपकिरी स्वेटर. कोपराला तू रफू केलेला. तुझ्या भावजयीने त्या रफूवरून बोट फिरवलं आणि तो माझ्या खांद्यावर टाकला. म्हणजे तुला यायचं होतं. बाटलीचं निमित्त करून उतरलीस, पण बॅग भरताना तुला यायचंच होतं. तो स्वेटर इथे आणून तुला काय करायचं होतं ते मी विचारत नाही. मी दोन दिवस घातला, आधी कबूल करतो. बाह्या लांब होतात, पोटावर तंग बसतो. उब मात्र आहे. मला तुझी काळजी वाटते, ताई. रोज वाटते. इथे बसून नुसती तीच करतो. हे समोर उभं राहून मला बोलता आलं नसतं, तू लगेच चहा टाकायला उठली असतीस.

वरच्या गुहेचं दर्शन अजून झालेलं नाही. लोक एवढ्या लांबून येतात ते त्या गुहेसाठी, आणि मी तिच्या पायथ्याशी बसून गायी मोजतोय, कारण किल्लीवाल्याला दार सोडता येत नाही. भावजय चारपाच वेळा जाऊन आली. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, एक गुळगुळीत दगड आहे, त्यावर बसायचं. मग? मग काही नाही, उठावंसं वाटलं की उठायचं. भाऊजींनी याच दगडाचं वर्णन करताना आपल्याला पाऊण-पाऊण तास बसवून ठेवलं होतं, आणि तू मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायचीस.

तेव्हा एकंदरीत सांगायचं तर तू आली नाहीस तेच शहाणपणाचं केलंस. वाट भयंकर, थंडी वाईट, सूप पातळ, बाक कठीण, दार मुकं. इथे काही ठेवलेलं नाही. घरी बस, साखळी लाव, नळाकडे लक्ष ठेव. आणि मठाविषयी कोणी छान छान बोलू लागलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

तुझ्या पायाशी पोचेल एवढा मोठा नमस्कार, पोचवणाऱ्याने वाटेत सांडला नाही तर.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र तुझ्या हातात देणारा माणूस मठाचा पाववाला आहे, पाव तो आपल्याच शहरातल्या भट्टीतून आणतो. दारातच उभा असेल, त्याला साखळीच्या फटीतून पाणी देऊ नकोस, नीट दार उघडून दे. इतके दिवस मी इथे पाव खातोय आणि हा पाव कड्यावरून कसा येतो, हा प्रश्न मला पडला नाही. काल पडला. मठाच्या मागच्या भिंतीपर्यंत चांगला गाडीरस्ता आहे. पायथ्याशी उजवीकडे नाही, डावीकडे वळायचं असतं. भाऊजींना उजवं-डावं कधीच कळलं नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं. (रिक्षावाल्यांशी त्यांची किती भांडणं सोडवलीस तू.) पाववाल्याच्या गाडीत पुढची सीट रिकामी असते. गुडघ्यांना काडीचा त्रास नाही. भिंतीशी उतरलं की वळसा घालून थोडं सपाटीवरून चालायचं, की पुढचं दार.

ता. क. दोन. ताई, तूच ये. दुसरं कोणी येत नाहीये आणि कोणी आल्याशिवाय मला उतरता येत नाही. तू घराबाहेर पडावंस म्हणून नाही म्हणत, मला इथून सोडवायला म्हणतोय. भावावर एवढे उपकार कर. पाववाला थांबेल, बॅग भरायचीसुद्धा गरज नाही, ती इथे आहे. स्वेटर झटकून, घडी करून तुझ्या खाटेवर ठेवला आहे.

वन्सं, नमस्कार. हे डुलकी घेताहेत तोवर खाली चार ओळी मी लिहिते. वरच्या तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत, अडकल्याचं तेवढं खोटं आहे. मंगळवारी एक निवृत्त पोस्टमन आले, चालत, एकटे. ह्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, जोडे काढले, सगळं नीट केलं. मग त्या गृहस्थांनी रिवाज ठाऊक असल्यामुळे किल्लीसाठी हात पुढे केला, तर हे दोन्ही हातांनी किल्ली धरून उभे राहिले. म्हणाले, तुम्हाला देता येत नाही, शेवटचे तुम्ही नाही. माझी ताई यायची आहे. तिचं सामान आधीच आलंय, ती मागून येतेय. ते गृहस्थ आता गुहा बघून परतसुद्धा गेले. मोठ्या बाबांना हे सगळं कळलं, त्यांनी किल्ली ह्यांच्याकडेच राहू दिली. स्वयंपाकी बाबा तर तेव्हापासून रोज एक वाटी जास्त मांडतात आणि तुमच्या खाटेवरची घोंगडी रोज सकाळी कोणीतरी उन्हात घालतं.

दाराचं सांगायचं राहिलं. वरचं पत्र कालच लिहून झालं होतं, आज सकाळी ते पुन्हा कुरकुरलं. ह्यांनी काय केलं ते विचारू नका, बिजागरीखाली तीन तास आडवे पडले होते. आवाज पहिल्यापेक्षा मोठा झालाय, पार भटारखान्यापर्यंत येतो. तुम्ही आलात की आत सगळ्यांना ऐकू येईल.